घटक ४ : भाषा आणि मेंदू – ईईजी आलेखनाची प्राथमिक कौशल्ये

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• ईईजी म्हणजे काय व ते भाषेच्या अभ्यासात कशासाठी वापरतात, हे सांगता येईल.
• सहभागी व्यक्तीची संमती घेण्यापासून इलेक्ट्रोड बसवण्यापर्यंतच्या पायऱ्या क्रमाने स्पष्ट करता येतील.
• मेंदूचे संकेत आणि मेंदूबाह्य संकेत यांतील फरक ओळखता येईल.
• मराठी वाक्यांवर आधारित ईईजी प्रयोगाची भाषिक सामग्री तयार करताना घ्यावयाची काळजी विशद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण ब्रोका (१८६१) आणि वेर्निके (१८७४) यांच्या रुग्णाभ्यासांचा परिचय करून घेतला. मेंदूच्या एखाद्या भागाला इजा झाली, की बोलण्यात किंवा समजण्यात कोणता दोष निर्माण होतो, यावरून त्या भागाच्या कार्याचे अनुमान त्यांनी केले. ही पद्धत मोलाची खरी. पण तिच्यात भाषा मोडल्यानंतरच दिसते. निरोगी माणूस वाक्य ऐकत असताना, शब्द एकामागून एक कानी पडत असताना, त्याच क्षणी काय घडते, हे तिच्यातून कळत नाही. असे क्षणाक्षणाचे निरीक्षण ज्या साधनांमुळे शक्य झाले, त्यांपैकी ईईजी हे एक प्रमुख साधन होय.

मराठीच्या विद्यार्थ्याने हे यंत्रकाम का शिकावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर असे, की भाषाविषयक ईईजी प्रयोगातील मोठा भाग यंत्राचा नसून भाषेचा असतो. कोणते वाक्य ऐकवायचे, ते कोणत्या बोलीच्या भाषकाला चुकीचे वाटेल, सहभागी व्यक्तीला प्रयोग तिच्या भाषेत कसा समजावून सांगायचा, ही कामे व्याकरण आणि बोली जाणणाऱ्यानेच करावी लागतात. त्याचबरोबर आलेखन कसे होते हे ठाऊक नसेल, तर आलेखावरून काढलेले निष्कर्ष तपासण्याची पात्रता आपल्यात येत नाही. आलेखात उमटलेली प्रत्येक रेघ मेंदूची नसते. ती कोणाची आहे हे यंत्र सांगत नाही. ते आलेखन करणाऱ्यालाच ओळखावे लागते. या घटकाचा गाभा हाच आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ ईईजी : स्वरूप आणि पूर्वेतिहास

ईईजी म्हणजे विद्युत्-मस्तिष्कालेखन. मेंदूच्या बाह्यकातील असंख्य चेतापेशी एकाच वेळी आणि एकाच दिशेने सक्रिय होतात, तेव्हा त्यांच्या विद्युत् क्रियेची बेरीज कवटीबाहेर, डोक्याच्या त्वचेवर अतिशय क्षीण स्वरूपात पोहोचते. त्वचेवर ठेवलेल्या इलेक्ट्रोडच्या साहाय्याने ती टिपता येते. यंत्र डोक्यात वीज सोडत नाही. ते केवळ तेथे असलेले विभव मोजते. सहभागी व्यक्तीला ही गोष्ट सर्वप्रथम सांगावयाची असते.

इंग्लंडमध्ये रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये प्राण्यांच्या मेंदूतील विद्युत् प्रवाहांची नोंद केली. माणसाचा पहिला आलेख जर्मनीतील येना येथे मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये घेतला आणि तो १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. या पाच वर्षांच्या अंतरात एक शंका सतत समोर होती : दिसणारी लहर खरोखर मेंदूची आहे, की रक्तप्रवाहाची, स्नायूंची अथवा उपकरणाची? प्रसिद्धीनंतरही अनेकांचा विश्वास बसला नाही. १९३४ मध्ये केंब्रिज येथे एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी बर्गर यांच्या निरीक्षणाला पुष्टी दिली, तेव्हा ते सर्वमान्य होऊ लागले. ईईजीचा इतिहास अशा रीतीने शंकेपासून सुरू होतो, आणि आजच्या नवशिक्यानेही प्रत्येक आलेखासमोर तीच शंका उपस्थित करावयाची असते.

हा संकेत किती क्षीण असतो, ते पाहा. सामान्यतः त्याची उंची १० ते १०० मायक्रोव्होल्ट असते. टॉर्चमधील सेल १.५ व्होल्टचा असतो. ५० मायक्रोव्होल्ट म्हणजे त्याचा तीस हजारावा भाग. त्यामुळे संकेताचे वर्धन करावे लागते, आणि वर्धन करताना मेंदूच्या संकेताबरोबर इतर सर्व संकेतही वाढतात.

४.२.२ सहभागी व्यक्ती : माहिती, संमती आणि सन्मान

आलेखनाची सुरुवात यंत्रापासून होत नाही, ती सहभागी व्यक्तीपासून होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार, सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती देऊन तिची संमती घेणे आवश्यक आहे. ‘समजेल अशा भाषेत’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. शुद्ध पण अवघड मराठीतील संमतिपत्र वाचून दाखवणे म्हणजे समजावणे नव्हे. प्रयोग किती वेळ चालेल, डोक्याला काय लावले जाईल, मध्येच थांबायचे असल्यास काय करावे, माहिती कोठे ठेवली जाईल, हे साध्या वाक्यांत सांगून व्यक्तीला प्रश्न विचारण्यास अवधी द्यावा. व्यक्ती कधीही, कारण न देता, प्रयोगातून बाहेर पडू शकते, हेही स्पष्ट सांगावे.

आदल्या दिवशी केस धुऊन यावेत आणि तेल लावू नये, अशी सूचना द्यावी. कारण तेलकट थरामुळे इलेक्ट्रोड आणि त्वचा यांचा संपर्क नीट होत नाही. गजरा, केसातील पिना आणि टोपीच्या आड येणारी कर्णभूषणे काढावी लागतात. कपाळावर इलेक्ट्रोड असल्यास टिकली किंवा कुंकू पुसावे लागण्याचा संभव असतो. अशा वेळी हुकूम न देता कारण सांगून विचारावे. व्यक्ती नको म्हणाली तर तो तिचा अधिकार आहे. डोक्यावर पदर किंवा वस्त्र घेणाऱ्या व्यक्तीसाठी आडोसा असावा, आणि शक्य असल्यास स्त्री-सहभागीजवळ स्त्री-साहाय्यक असावी. दाट, कुरळे वा लांब केस असलेल्यांची तयारी करण्यास अधिक वेळ लागतो. तो वेळ टाळण्यासाठी अशा व्यक्तींना वगळले, तर आपण अभ्यासलेला ‘भाषक’ हा प्रत्यक्षात यंत्राला सोयीचा भाषक ठरतो.

४.२.३ डोक्याचे मापन : १०-२० पद्धती

इलेक्ट्रोड अंदाजाने ठेवल्यास दोन व्यक्तींचे आलेख एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. यासाठी हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये मांडलेली १०-२० पद्धती सर्वत्र वापरली जाते. तिच्यात अंतरे सेंटीमीटरमध्ये ठरवलेली नसून डोक्याच्या मापाच्या टक्केवारीत ठरवलेली आहेत. त्यामुळे डोके लहान असो वा मोठे, इलेक्ट्रोडचे सापेक्ष स्थान तेच राहते.

प्रथम दोन खुणा शोधाव्यात : नाकाच्या मुळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध असलेला खळगा, आणि डोक्याच्या मागे, कवटीच्या तळाशी बोटाला लागणारा हाडाचा उंचवटा. या दोन खुणांमधील अंतर मापनफितीने डोक्याच्या मधल्या रेषेवरून मोजावे. ते ३५ सेंटीमीटर असल्यास समोरून १०, २०, २०, २०, २० आणि १० टक्के असे भाग पाडावेत. मधल्या रेषेवरील पाच स्थाने समोरून अनुक्रमे ३.५, १०.५, १७.५, २४.५ आणि ३१.५ सेंटीमीटरवर येतील. १७.५ सेंटीमीटरवरील स्थान ‘सीझेड’ होय. दोन्ही कानांच्या पुढील खळग्यांमधील अंतर डोक्यावरून मोजून त्याचा मध्यही काढावा. दोन्ही मध्य एकाच ठिकाणी आले पाहिजेत. न आल्यास मापन पुन्हा करावे.

स्थानांच्या नावांतील अक्षर मेंदूचा विभाग दाखवते : एफ् – ललाट, सी – मध्य, पी – पार्श्व, टी – कर्णप्रदेश, ओ – पश्च. विषम अंक डावी बाजू, सम अंक उजवी बाजू आणि ‘झेड’ मधली रेषा दर्शवतो. मात्र ‘पीझेड’वर टिपलेला संकेत त्या खालीच निर्माण झाला, असे मानू नये. विद्युत् क्षेत्र कवटीतून पसरत येते. म्हणून ईईजी ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर अचूक देते, ‘कोठे’ या प्रश्नाचे नव्हे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
अ) योग्य पर्याय निवडा : १०-२० पद्धतीत अंतरे (सेंटीमीटरमध्ये ठरलेली / टक्केवारीत ठरलेली) असतात.
आ) दोन्ही खुणांमधील अंतर ३० सेंटीमीटर असल्यास ‘सीझेड’ समोरून किती अंतरावर येईल?
इ) एका वाक्यात उत्तर द्या : सहभागी व्यक्तीस केसांना तेल लावू नये असे का सांगतात?

४.२.४ इलेक्ट्रोड बसवणे

डोक्याचा घेर मोजून त्या मापाची टोपी निवडावी. सैल टोपीत इलेक्ट्रोड हलतात. घट्ट टोपीने डोके दुखते, आणि दुखणाऱ्या डोक्याचे लक्ष वाक्याकडे राहत नाही. टोपी चढवल्यावर ‘सीझेड’ मोजलेल्या जागीच आहे ना, हे फितीने पुन्हा पाहावे.

त्यानंतर प्रत्येक इलेक्ट्रोडच्या छिद्रातून बोथट टोकाने केस बाजूला सारावेत, त्वचा हलकेच घासावी आणि विद्युत्-वाहक जेल भरावे. घासण्याचा हेतू मृत त्वचेचा थर दूर करणे एवढाच असतो. त्वचा लाल होता कामा नये. जेल कमी पडले तर संपर्क तुटतो. जास्त झाले तर ते पसरून शेजारचे दोन इलेक्ट्रोड जोडले जातात आणि दोन्ही ठिकाणी एकच संकेत दिसू लागतो. त्वचेवर जखम अथवा संसर्ग असल्यास त्या दिवशी आलेखन करू नये. प्रत्येक वापरानंतर टोपी धुऊन निर्जंतुक करणे हा आलेखनाचाच भाग समजावा.

ईईजीत नेहमी दोन बिंदूंमधील फरक मोजला जातो. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, तसा येथे संदर्भ-इलेक्ट्रोड लागतो. भाषेच्या प्रयोगांत तो पुष्कळदा कानामागील हाडावर ठेवतात. संदर्भच सैल असेल, तर सर्व वाहिन्या एकदमच बिघडतात. म्हणून सर्व रेघा एकाच वेळी हलताना दिसल्या, तर प्रथम संदर्भ-इलेक्ट्रोड तपासावा.

संपर्क किती चांगला आहे, हे विद्युत्-अवरोधाच्या मापावरून कळते. तो ५ किलोओहमपेक्षा कमी असावा, हा पारंपरिक दंडक आहे. आजची काही वर्धक-यंत्रे यापेक्षा अधिक अवरोधही चालवून घेतात. कोणत्याही यंत्रावर, सर्व इलेक्ट्रोडचा अवरोध शक्य तितका कमी आणि एकसारखा ठेवणे हे उत्तम.

४.२.५ आलेख वाचणे : मेंदूबाह्य संकेत

आलेखन सुरू झाल्यावर प्रयोगाला लगेच हात घालू नये. व्यक्तीला प्रथम डोळे मिटून शांत बसण्यास सांगावे. बहुतेकांच्या डोक्याच्या मागील भागात ८ ते १३ हर्ट्झची लयबद्ध लहर दिसू लागते आणि डोळे उघडताच ती मावळते. हीच बर्गर यांनी वर्णिलेली अल्फा लहर. ती दिसली, की यंत्र, इलेक्ट्रोड आणि मेंदू यांचा संबंध जुळला आहे, याची पहिली खूण पटते.

नंतर व्यक्तीला मुद्दाम पापणी मिटण्यास, डोळे डावी-उजवीकडे फिरवण्यास, दात आवळण्यास सांगून प्रत्येक क्रियेचा आकार पाहून ठेवावा. सामान्यतः आढळणारे मेंदूबाह्य संकेत असे :

• पापणीची उघडझाप – ललाटावरील वाहिन्यांत मोठी, गोलसर लहर. मेंदूच्या संकेतापेक्षा ती बरीच उंच असते.
• जबडा व मानेचे स्नायू – दाट, टोकदार, वेगवान रेघा. विशेषतः कानाजवळील वाहिन्यांत.
• घाम – रेघ हळूहळू वर-खाली सरकते. दमट हवेत खोली थंड ठेवणे आवश्यक असते.
• हृदयाचे ठोके – ठरावीक अंतराने येणारी लहान टोके.
• वीजपुरवठा – भारतात ५० हर्ट्झची एकसारखी दाट रेघ. चार्जर, पंखे व सैल तारा यांच्यामुळे ती वाढते.
• सुटलेला इलेक्ट्रोड – एकाच वाहिनीत अचानक उडी. शेजारच्या वाहिन्या शांत.

यांपैकी काही संकेत नंतर संगणकीय गाळणीने कमी करता येतात. तथापि गाळणी विवेकी नसते. हळू सरकणारी रेघ काढताना मेंदूच्या मंद लहरीचा आकारही ती बदलू शकते. म्हणून दोष नंतर काढण्यापेक्षा आधीच येऊ न देणे श्रेयस्कर. चार्जर काढणे, खुर्चीला पाठ टेकवणे, वाक्यांच्या मध्ये पापणी मिटण्यासाठी विराम देणे, हे उपाय साधे असले तरी सर्वांत परिणामकारक आहेत.

४.२.६ मराठी वाक्यांचा प्रयोग

१९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी असे दाखवले, की वाक्यात अर्थाला न जुळणारा शब्द आला असता सुमारे ४०० मिलिसेकंदांनी ऋण दिशेची मोठी लहर उमटते. तिला ‘एन ४००’ म्हणतात. पुढे ली ऑस्टरहाउट व फिलिप होलकम (१९९२) आणि पीटर हागोर्ट व सहकारी (१९९३) यांनी वाक्यरचनेशी निगडित, सुमारे ६०० मिलिसेकंदांजवळची धन दिशेची लहर नोंदवली. ती ‘पी ६००’ या नावाने ओळखली जाते. काही आलेखांत ऋण दिशा वर काढलेली असते. म्हणून आकृती वाचण्यापूर्वी अक्ष पाहण्याची सवय लावावी.

या लहरी एका वाक्यातून दिसत नाहीत. त्या काही मायक्रोव्होल्टच्याच असतात. तशी अनेक वाक्ये देऊन, शब्द सुरू झाल्याच्या क्षणापासूनचे तुकडे एकत्र करून सरासरी काढावी लागते. ३६ तुकड्यांची सरासरी घेतल्यास यादृच्छिक गोंगाट सुमारे सहाव्या हिश्श्यावर येतो. यासाठी प्रत्येक शब्दाच्या आरंभाची खूण आलेखात अचूक पडली पाहिजे. खूण मागेपुढे झाली, तर सरासरीत लहर पुसट होते.

आता पुढील वाक्ये पाहा :

१. माळ्याने झाडांना पाणी घातले.
२. माळ्याने झाडांना कुलूप घातले.

‘पाणी’ आणि ‘कुलूप’ दोन्ही नपुंसकलिंगी असल्याने क्रियापद बदलत नाही. फरक केवळ अर्थाचा राहतो. जोडी जुळवणे म्हणजे हेच. एकाच व्यक्तीला दोन्ही वाक्ये देऊ नयेत. दोन याद्या करून ती विभागावीत.

३. राजूने आंबा खाल्ला आणि हात धुतले.
४. राजूने आंबा खाल्ली आणि हात धुतले.

येथे कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद कर्माच्या लिंगवचनानुसार चालते. दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, आणि शेवटच्या शब्दापाशी संपूर्ण वाक्याचा समारोपही मेंदूत होत असतो. तो परिणाम मिसळू नये म्हणून पुढे ‘आणि हात धुतले’ हा भाग जोडला आहे. दोन, ‘राजूने’ऐवजी ‘सीमाने’ घेतल्यास ‘खाल्ली’ हे रूप कर्त्याशी जुळल्यासारखे भासू शकते. म्हणून पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी असे दोन्ही कर्ते घेऊन तुलना करावी.

याहून महत्त्वाचा प्रश्न बोलींचा आहे. ‘बाग’, ‘तंबाखू’, ‘ढेकर’ यांसारखे शब्द मराठीत एकाहून अधिक लिंगांत आढळतात. कोणी ‘मजा आली’ म्हणतो, कोणी ‘मजा आला’. अशा शब्दावर एखाद्या भाषकाच्या आलेखात ‘पी ६००’ उमटली नाही, तर त्याला व्याकरण येत नाही, असा अर्थ होत नाही. त्याच्या बोलीत ते वाक्य बरोबर आहे, एवढाच अर्थ होऊ शकतो. प्रमाणभाषेची फूटपट्टी नकळत प्रयोगात शिरली, तर यंत्राच्या नावाखाली एका समूहाच्या भाषेवर सदोषतेचा शिक्का बसतो. आकडे आणि आलेख यांना समाजात जे वजन आहे, ते पाहता हा धोका लहान नाही. यास्तव प्रत्येक वाक्य आधी सहभागींच्याच बोलीच्या भाषकांकडून तपासून घ्यावे, आणि सहभागी व्यक्तीची बोली, वास्तव्याची गावे व इतर भाषा यांची नोंद ठेवावी.

४.२.७ नोंदवही आणि मर्यादा

नोंदवहीत व्यक्तीचे नाव न लिहिता संकेतांक लिहावा. दिनांक, वेळ, वय, हाताची सवय, झोप, चालू औषधे, डोक्याचे माप, अवरोध, खराब वाहिन्या आणि आलेखनादरम्यानच्या घटना यांची नोंद त्याच वेळी करावी. ‘बाराव्या वाक्याला व्यक्ती खोकली’ ही ओळ त्या क्षणी लिहिली नाही, तर महिन्याभराने तीच उसळी भाषेची घटना म्हणून वाचली जाऊ शकते.

भाषाभ्यासासाठी घेतलेले आलेखन हे रोगनिदान नव्हे. आलेखात काही असामान्य वाटल्यास व्यक्तीला स्वतः काहीही सांगू नये. प्रकल्पातील जबाबदार वैद्यकीय तज्ज्ञास कळवावे. विद्यार्थ्याने प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या अनुपस्थितीत आलेखन करू नये.

४.३ सारांश

ईईजी मेंदूतील घडामोडींचा क्षण अचूक दाखवते. तिचे स्थान मात्र ढोबळपणे दाखवते. संमती, मापन, इलेक्ट्रोड बसवणे, अवरोध तपासणे, मेंदूबाह्य संकेत ओळखणे, जुळवलेली वाक्ये देणे आणि नोंद ठेवणे, ही आलेखनाची प्राथमिक कौशल्ये होत. यांतील एक जरी पायरी सैल राहिली, तरी यंत्र रेघ काढतच राहते. त्या रेघेचा अर्थ मात्र नाहीसा होतो.

४.४ पारिभाषिक शब्द

विभव – विद्युत् दाबाची पातळी.
अवरोध – विद्युत् प्रवाहाला होणारा विरोध. येथे त्वचा व इलेक्ट्रोड यांमधील.
मेंदूबाह्य संकेत – मेंदूखेरीज इतर उगमातून आलेखात आलेला संकेत.
वाहिनी – एका इलेक्ट्रोडचा आलेखातील स्वतंत्र प्रवाह.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

अ) टक्केवारीत ठरलेली. आ) १५ सेंटीमीटर. इ) तेलाच्या थरामुळे इलेक्ट्रोड व त्वचा यांचा संपर्क बिघडतो म्हणून.

४.६ स्वाध्याय

१. ‘आलेखातील प्रत्येक रेघ मेंदूची नसते’ हे विधान उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. कर्मणी प्रयोगावर आधारित ईईजी प्रयोगाची वाक्ये तयार करताना कोणती काळजी घ्याल?

४.७ क्षेत्रीय कार्य

यंत्र उपलब्ध नसतानाही पुढील कामे करता येतील.
१. घरातील दोन व्यक्तींच्या परवानगीने त्यांच्या डोक्याचे मापन करा व मधल्या रेषेवरील पाच स्थाने काढा. दुसऱ्या दिवशी तेच मापन पुन्हा करून फरक नोंदवा.
२. आपल्या परिसरातील वेगवेगळ्या वयाच्या आणि बोलीच्या पाच भाषकांना ‘बाग’, ‘तंबाखू’, ‘मजा’ हे शब्द वापरून वाक्ये करण्यास सांगा व त्यांनी योजलेले लिंग नोंदवा.
३. ईईजी प्रयोगासाठी दहा वाक्यांचे संमतिपत्र सोप्या मराठीत लिहा. ते आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीला वाचून दाखवा आणि त्यांना काय समजले, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.